नोंद न झालेले निवेदन : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधील न्यायालयीन दृश्याचे महत्त्व

प्रास्ताविक

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६३ मध्ये लिहिले गेले आणि १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी साकारली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला आणि पुढील काळात अनेक भारतीय भाषांत त्याचे प्रयोग झाले. विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही या नाटकाने आपले स्थान टिकवून ठेवले आहे. मात्र अभ्यासक्रमातील स्थान आणि वाचन या दोन गोष्टी सारख्या नसतात. बाजारातील मार्गदर्शकांनी या नाटकाची वासलात ‘पुरुषप्रधान समाजाचा दंभस्फोट’ आणि ‘स्त्रीची शोकांतिका’ अशा दोन वाक्यांत लावून टाकली आहे. ही वाक्ये खोटी नाहीत; परंतु ती पाठ केल्यावर नाटक वाचण्याची गरजच उरत नाही. दंभस्फोटासाठी लेखकाला एखादी बैठकीची खोली, चाळीचा जिना किंवा शाळेचा कर्मचारीकक्षही पुरला असता. त्याने न्यायालयच का निवडले, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्या एका प्रश्नाचा विचार केला आहे.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील महाविद्यालयांत हा प्रश्न अधिक अगत्याचा ठरतो. येथील विद्यार्थ्याला न्यायालय अपरिचित नसते. जमिनीचे वाटप, बांध, वहिवाटीचा रस्ता यांवरून उभे राहिलेले दावे आणि त्यांच्या तारखा त्याने घरात ऐकलेल्या असतात. जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या न्यायालयाच्या आवारात वडिलांबरोबर तो थांबलेलाही असतो. दुसरीकडे, नारायणगाव ही तमाशाची मोठी पेठ याच परिसरात असल्यामुळे वगातील राजदरबार आणि तेथील न्यायनिवाडाही त्याच्या कानांवरून गेलेला असतो. तेंडुलकरांचे न्यायालय या दोहोंपेक्षा वेगळे आहे आणि ते वेगळे कसे, हे याच वाचकाला सर्वांत लवकर उमगण्याचा संभव आहे.

खेळाचे न्यायालय

नाटकाचे कथानक सर्वपरिचित आहे. मुंबईतील एका चाळीच्या प्रगतिशील मंडळाची हौशी नटमंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका खेड्यात आली आहेत. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रनिर्मितीबद्दल खटला भरला जाणार आहे. दुपारचा वेळ रिकामा आहे. गावचा सामंत नावाचा साधाभोळा तरुण मंडळींच्या दिमतीला आहे आणि त्याने कोर्ट कधी पाहिलेले नाही. त्याला कोर्ट समजावून सांगायचे या निमित्ताने तालीम सुरू होते. आरोपी म्हणून लीला बेणारे या शिक्षिकेला उभे केले जाते आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. थट्टेत सुरू झालेली ही कारवाई साक्षीमागून साक्षीने बेणारेच्या खाजगी आयुष्यात शिरते. प्रा. दामले यांच्यापासून तिला दिवस गेले आहेत, ही गोष्ट उघड होते आणि खेळातील खटला खरा होऊन बसतो.

उपनगरात असाच प्रयोग करायला निघालेल्या एका हौशी मंडळाशी पडलेली गाठ या नाटकाच्या मुळाशी असल्याचे तेंडुलकरांनी सांगितले आहे. स्विस लेखक फ्रिडरिश ड्युरेनमॅट यांच्या १९५६ मधील ‘डी पान’ या कथेशी असलेले साम्यही समीक्षकांनी वेळोवेळी दाखवले आहे. तेथे निवृत्त न्यायाधीश आणि वकील एका पाहुण्या विक्रेत्यावर जेवणाच्या मेजावर गमतीने खटला चालवतात. साम्य आहे, पण भेद अधिक बोलका आहे. ड्युरेनमॅटचा विक्रेता आपल्यावर सिद्ध होत गेलेल्या गुन्ह्याने सुखावतो. त्याच्या सामान्य आयुष्याला त्या गुन्ह्यामुळे एक भारदस्तपणा येतो. शिवाय तेथील न्यायाधीश आणि वकील एके काळी खरोखरच त्या पदांवर होते. तेंडुलकरांच्या न्यायालयात तशी पात्रता कोणाचीच नाही. सुखात्मे वकील आहे, पण त्याची वकिली चालत नाही. पोंक्षे इंटर नापास असून शास्त्रज्ञाचा आव आणतो. कर्णिक प्रायोगिक रंगभूमीच्या गप्पा मारतो. बाळू रोकडे काशीकरांच्या अन्नावर वाढला आहे आणि त्या उपकाराखाली दबून गेला आहे. बाहेरच्या जगात ज्यांना कोणी विचारत नाही, अशांना येथे प्रथमच अधिकार मिळाला आहे, तोही एका दुपारपुरता. म्हणून ते तो सोडायला तयार नाहीत. बेणारे नोकरीत चोख आहे, हजरजबाबी आहे, या सर्वांची टर उडवण्याचे धाडस तिच्यात आहे. तिच्याविषयीची असूया त्यांच्या मनात आधीपासून दबलेली आहे. न्यायालयाच्या भाषेने त्या असूयेला एक प्रतिष्ठित पोशाख मिळवून दिला.

कलम ३०२

या भाषेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. बेणारेवर भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०२ खाली आरोप ठेवला जातो. हे कलम खुनाचे आहे. बहुतेक विवेचनांत या तपशिलाकडे पाहिले गेलेले नाही. वास्तविक त्याच संहितेच्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार मातेच्या उदरातील मुलाचा मृत्यू घडवून आणणे हा मनुष्यवध ठरत नाही. गर्भपातासाठी ३१२ व पुढील स्वतंत्र कलमे होती. म्हणजे ज्या कलमाखाली खटला उभा राहिला, त्या कलमाखाली तो उभा राहूच शकत नव्हता. सुखात्मेसारख्या वकिलाला हे ठाऊक नसावे यात नवल नाही. नाटककाराने ते विनोदासाठी योजले असेल असेही म्हणता येईल. परंतु तिसऱ्या अंकाच्या शेवटी दिला जाणारा निकाल पाहिला म्हणजे हा तपशील नुसता विनोद राहत नाही. न्यायाधीश काशीकर निर्णय देतात तो असा की, बेणारेने जगावे, मात्र तिच्या पोटातील गर्भ नष्ट केला जावा.

स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात घडवणे हा कलम ३१३ प्रमाणे गुन्हा होता आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ८९ मध्ये आली आहे. तेव्हा भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला भ्रूणहत्येच्या आदेशाने संपतो आणि संपूर्ण नाटकात कायद्याच्या दृष्टीने गंभीर असा एकच गुन्हा घडू पाहतो, तो म्हणजे न्यायाधीशाने ठोठावलेली शिक्षा. आरोपीने गर्भाला इजा केलेली नाही. उलट तिला हे मूल हवे आहे. त्याला बापाचे नाव मिळावे म्हणून ती एकेका परिचित पुरुषाकडे लग्नाची याचना करत गेली आहे. ही याचनाच साक्षीदारांच्या तोंडून तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून येते.

कालाचा संदर्भही ध्यानात घ्यावा लागेल. गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या शांतिलाल शाह समितीने १९६६ च्या अखेरीस आपला अहवाल दिला होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये संमत होऊन १९७२ मध्ये लागू झाला. नाटक रंगभूमीवर आले ते या दोहोंच्या मधल्या काळात. अविवाहित स्त्रीला विवाहितेप्रमाणेच चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सुरक्षित गर्भपाताचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२२ मध्ये. आजच्या वर्गात त्यामुळे एखादी विद्यार्थिनी असे विचारू शकते की, बेणारेला आता हा मार्ग मोकळा आहे, मग नाटक कालबाह्य झाले का? या प्रश्नाला बगल देता कामा नये. बेणारेची मागणी गर्भपाताची नसून मूल वाढवू देण्याची आहे. तिच्या शरीराविषयीचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला, हा नाटकाचा विषय आहे. तो निर्णय ‘ठेव’ असता तरी आक्षेप उरलाच असता.

साक्षींचा प्रकारही पाहण्याजोगा आहे. शपथ घेतली जाते ती ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशावर हात ठेवून. कर्णिक ऐकीव गोष्ट सांगतो. सामंत तर हातातल्या एका सवंग कादंबरीतील प्रसंग साक्ष म्हणून सांगतो आणि कल्पनेतून उचललेली हीच साक्ष दुर्दैवाने वास्तवाच्या सर्वांत जवळ जाते. तिसऱ्या अंकात खुद्द न्यायाधीश आसन सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, आपण काय ऐकले ते सांगतात आणि पुन्हा आसनावर जाऊन बसतात. सुखात्मे एकाच वेळी फिर्यादी पक्षाचा आणि आरोपीचाही वकील आहे. आरोपीतर्फे बोलण्याची पाळी येते तेव्हा तो खांदे पाडून दुसऱ्या जागी जातो, साक्षीदार पुकारतो, ते हजर नसतात आणि शेवटी तो गुन्हा मान्य करून दयेची याचना करतो. प्रा. दामले यांच्या नावाचा पुकारा होतो तो याच ठिकाणी. ज्याच्याशिवाय हा खटलाच उद्भवला नसता, त्याच्यासाठी ‘गैरहजर’ एवढा एक शब्द पुरेसा ठरतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. बेणारेला मात्र सौ. काशीकर ओढून पिंजऱ्यात उभे करतात. दार बाहेरून बंद झालेले आहे. पहिल्या अंकात ज्या कडीत तिचे बोट चिमटते, ती कडी प्रेक्षक तोवर विसरलेला असतो. या तपशिलांवरून तेंडुलकर न्यायसंस्थेवर टीका करत आहेत असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो उतावळेपणाचा वाटतो. खऱ्या न्यायालयात आरोपीचे रक्षण करणारे जे जे काही असते, ते एकेक करून येथे गाळले गेले आहे. शिल्लक राहिले आहेत ते डगला, हातोडा, पुकारा आणि ‘शांतता!’ ही आज्ञा. हे न्यायालयाचे चित्र नव्हे. न्यायालयाची वस्त्रे चढवून बसलेल्या जातपंचायतीचे हे चित्र आहे. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला, तो अशाच पंचायतींच्या निवाड्यांमुळे. चाळीतील सुशिक्षितांना आपण पंच म्हणून बसलो आहोत हे कळतही नाही, कारण त्यांच्या तोंडी ‘मिलॉर्ड’ हा शब्द आहे.

दहा सेकंद

निकालापूर्वी आरोपीला आपल्या बचावासाठी दहा सेकंद दिले जातात. बेणारे काही बोलत नाही. मग प्रकाश बदलतो, इतर सर्व पात्रे जागच्या जागी थिजतात आणि तिचे दीर्घ स्वगत सुरू होते. कोवळ्या वयात मामाने केलेली फसवणूक, पुढे विद्वान प्राध्यापकाच्या बुद्धीची केलेली पूजा आणि त्याने केवळ देहाचा केलेला स्वीकार, जगण्याविषयीचे प्रेम आणि तिटकारा, पोटातील जीवाविषयीची ओढ हे सारे त्यात येते. स्वगत संपते, प्रकाश पूर्ववत होतो आणि न्यायाधीश वेळ संपल्याचे सांगतात. आरोपीला काही सांगायचे नाही, असे धरून ते निकालाकडे वळतात.

या न्यायालयीन दृश्याचे सगळे मर्म येथे आहे. बेणारे बोलली की नाही? रंगमंचावरील न्यायालयाच्या दप्तरी ती बोललेली नाही. प्रेक्षागृहात मात्र ती बोललेली आहे. आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे हा फौजदारी प्रक्रियेतील केवळ उपचार नाही. नाटक लिहिले गेले तेव्हा लागू असलेल्या १८९८ च्या संहितेतील कलम ३४२ नुसार, पुराव्यातून आपल्याविरुद्ध जे दिसते त्याचा खुलासा करण्याची संधी आरोपीला देणे न्यायाधीशाचे कर्तव्य होते. १९७३ च्या संहितेत ते कलम ३१३ झाले आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५१ आहे. काशीकर ती संधी देतात, घड्याळ लावून देतात आणि कोरा कागद पुढे सरकवतात. आरोपीच्या मौनाचा अर्थ कबुली असा लावला जातो. ज्यांना हे स्वगत ऐकू आले त्यांच्यापैकी कोणीही रंगमंचावर नाही, आणि रंगमंचावर असलेल्या कोणालाही ते ऐकू आलेले नाही. एका सामाजिक खटल्याचा एकमेव खरा कागद अशा रीतीने प्रेक्षकाच्या हाती येतो. तो घेऊन त्याने कुठे जावे, हे नाटक सांगत नाही.

हे स्वगत आरंभीच्या संहितेत नव्हते आणि दिग्दर्शकाच्या आग्रहामुळे ते नंतर लिहिले गेले, ही हकीकत नाट्यवर्तुळात परिचित आहे. त्यावरून काही अभ्यासकांना ते जोडकाम वाटते. वास्तववादी चौकटीत ते बसत नाही, हेही खरे. तथापि ते बसत नाही हाच त्याचा गुण मानावा लागेल. कोर्टाच्या चौकटीत त्याला जागा नाही, म्हणून ते चौकटीबाहेर उभे आहे. बेणारेने हेच शब्द काशीकरांच्या तोंडावर उच्चारले असते, तर त्यांनी त्यांचीही उलटतपासणी केली असती आणि मामाचा उल्लेख आरोपीच्या पूर्वचारित्र्याचा पुरावा ठरला असता. वर्गात हे स्वगत वेगळे काढून, पाठांतराचा उतारा म्हणून शिकवले जाते तेव्हा त्याची ही जागाच पुसली जाते. एकपात्री स्पर्धांतून ते टाळ्यांसाठी म्हटले जाते, त्याविषयी तर न बोललेले बरे.

सामंताचे गाव

खटल्याचे निमित्त सामंत आहे, हे पुन्हा आठवावे लागेल. खेड्यातल्या माणसाला कोर्ट ठाऊक नाही आणि शहरातल्या सुशिक्षितांनी ते त्याला शिकवायचे, अशी ही मांडणी आहे. शिवनेरीच्या पायथ्याच्या या मुलुखाला ती गमतीची वाटेल. मराठेशाहीत वतनाचे व हद्दीचे तंटे गोतसभेपुढे येत, निवाड्याचा महजर होई आणि त्यावर पाटलाच्या नांगरापासून बलुतेदारांच्या अवजारांपर्यंत उपस्थितांच्या निशाण्या पडत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. स्त्रिया आणि अस्पृश्य यांना तिच्यात काय स्थान होते हे सर्वज्ञात आहे. परंतु न्याय म्हणजे काय हे शहराकडून शिकण्याइतके खेडे कोरे नव्हते.

तमाशाच्या वगातील दरबाराशी तुलना केली तर एक उणीव ठळक होते. वगात राजा न्यायाला बसतो तेव्हा सोंगाड्या गप्प बसत नाही. तो मध्ये तोंड घालतो, राजाच्या बोलण्याचा उलटा अर्थ लावतो, अधिकाराची फजिती करतो आणि समोरचा प्रेक्षक त्याच्या बाजूने हसतो. तेंडुलकरांच्या न्यायालयात असे काम करणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे स्वतः बेणारे. पहिल्या अंकात आणि दुसऱ्याच्या आरंभी ती सगळ्यांच्या फिरक्या घेते. तिला आरोपी करताच दरबारातील सोंगाड्याची जागा रिकामी होते. पुकारा करणारा रोकडे ती भरून काढू शकत नाही, कारण तो भेदरलेला आहे. त्यानंतर या न्यायालयाला हसणारे कोणी उरत नाही. ‘शांतता!’ या शब्दाचा पहिला बळी म्हणून बेणारेच्या हसण्याकडे पाहावे लागेल.

अर्थात गाव निरागस होते असेही नव्हे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयीची आठवण या परिसरात घरोघर ठाऊक आहे. भरल्या दिवसांत त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच बाजूला जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा खेळाला उभ्या राहिल्या, असे सांगितले जाते. आज ती आठवण अभिमानाने सांगितली जाते आणि त्यांच्या नावाने शासन ज्येष्ठ तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कारही देते. मात्र त्या रात्री कनातीत बसलेल्या प्रेक्षकाला आपल्यासमोरच्या स्त्रीच्या पोटाविषयी काय वाटले असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. बेणारेच्या मातृत्वाचा समाजाला विटाळ वाटला आणि विठाबाईंच्या मातृत्वाचे कौतुक झाले, असा सोपा विरोध मांडता येणार नाही. तमासगीर स्त्रीकडून लग्नाची आणि घराण्याची अपेक्षाच नव्हती. बेणारे शिक्षिका आहे. मुलांचे चारित्र्य घडवण्याचे काम जिच्याकडे सोपवले, तिचे चारित्र्य संस्थेच्या मालकीचे समजले जाते. तिची नोकरी जाणार ही बातमी काशीकर देतात ती संस्थाचालकांकडे कानावर पडलेली. शिक्षणसंस्थांच्या आवारात वावरणाऱ्यांना यातील भीती वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

नाटकाच्या शेवटी दार उघडते आणि गावकरी आत डोकावून खेळ सुरू झाला का याची चौकशी करतात. मंडळी क्षणात भानावर येऊन रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. झाले ते सगळे गमतीत होते, मनावर घेऊ नये, असे ती बेणारेला सांगतात. गावाला आता जॉन्सनवरील खटला पाहायला मिळणार आहे. दुपारी त्याच दालनात जो चालला, त्याविषयी त्याला काही कळणार नाही. कळले असते तर गावाने काय निवाडा केला असता, याचे उत्तर संहितेत नाही, आणि ते गावाच्या बाजूनेच जाईल अशी खात्रीही देता येत नाही. गावाचा प्रतिनिधी म्हणून आत जो होता त्यानेच कादंबरीतून साक्ष दिली होती.

तरीही सर्व जण आत निघून गेल्यावर मागे रेंगाळतो तो सामंतच. निश्चल पडलेल्या बेणारेजवळ जाण्याचे त्याला धैर्य होत नाही. पुतण्यासाठी आणलेला हिरव्या कापडाचा पोपट तो तिच्यापासून थोड्या अंतरावर ठेवतो आणि निघून जातो. अनेक प्रयोगांत ही कृती घाईने उरकली जाते. ती संथपणे, प्रकाश पुरेसा ठेवून केली गेली, तर प्रेक्षकाच्या लक्षात येते की, विषाच्या बाटलीपर्यंत सगळ्या वस्तू ज्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आल्या, त्यात हा पोपट मात्र कोणी मागितला नव्हता.